गरोदर बाईचा पगार हिशोबात धरा, नाहीतर नकाराचं कारण लिहून द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दोघं नोकरी करणारं जोडपं होमलोन मागायला गेलं आणि बायको गरोदर आहे असं दिसलं की तिचा पगार हिशोबातून गळतो. कुठल्या फॉर्मवर तसं लिहिलेलं नसतं, कुणी लेखी देत नाही, नुसतं तोंडी सांगतात की मॅडमचं इन्कम आता धरता येणार नाही, डिलिव्हरी झाल्यावर बघू. मी सध्या सातव्या महिन्यात आहे आणि आमच्या बाबतीत हेच झालंय म्हणून लिहितेय. पण हे माझं एकटीचं नाही. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत माझ्याबरोबर कामाला असणाऱ्या, शहापूर-वडगावातल्या, खानापूरहून रोज ये-जा करणाऱ्या बऱ्याच बायकांकडून मी हेच ऐकलंय, फक्त पेपरात कुणी लिहीत नाही, कारण लोनचं काम अडकलेलं असताना बँकेशी वाकडं कोण घेणार.

मी एका कारखान्यात अकाउंट्स बघते, पगारपत्रक मीच काढते, त्यामुळं पीएफ, ईएसआय (कामगार विमा), रजेचा हिशोब हे माझं रोजचंच काम. माझ्या हातात 28 हजार येतात, मिस्टरांना 34 हजार, ते सीएनसी मशीनवर आहेत. राहतो भाड्यानं. अनगोळला एक जुनं बैठं घर बघितलं 34 लाखांचं, ई-खाता (मालकीची ऑनलाईन नोंद) झालेला, ईसी (घरावर बोजा नसल्याचा दाखला) क्लिअर, वकिलानं कागद तपासून दिले, विसार देऊन झाला. सुरवातीला शाखेत गेलो तेव्हा साहेबांनी दोघांच्या सॅलरी स्लिपा बघितल्या आणि 25 लाख आरामात बसतंय म्हणाले. मग कागद गोळा करण्यात वेळ गेला, जुनी खरेदीपत्रं, टॅक्सच्या पावत्या, फॉर्म 16, घर विकणाऱ्याच्या भावाची सही, आणि तोवर माझं पोट दिसायला लागलं.

पुन्हा गेलो तर त्याच साहेबांनी मिस्टरांना विचारलं, मिसेस नंतर कंटिन्यू करणार का? मी शेजारच्याच खुर्चीत बसलेली. मी म्हटलं, करणार सर, पगारी रजा आहे आणि रजा संपली की त्याच जागेवर रुजू होणार, कंपनीचं पत्र आणून देते. तर म्हणाले, पत्र सगळेच आणतात मॅडम, बाळ झाल्यावर बायका परत येत नाहीत हो. माणूस वाईट नव्हता, पाणी मागवलं, पंख्याखाली बसा म्हणाले. पण 25 चे 17 लाख झाले. का झाले ते लिहून द्या म्हटलं तर म्हणाले असं लिहून द्यायची पद्धत नाही, तुम्ही डिलिव्हरीनंतर जॉईन होऊन तीन महिन्यांच्या स्लिपा घेऊन या, मग वाढवून बघू. तोपर्यंत घर विकणारा थांबणार आहे का? ॲग्रीमेंटची मुदत काय माझ्या बाळंतपणाकडं बघून वाढणार आहे का?

आता यात हिशोब काय होतो तो बघा, कारण बँक म्हणते की आम्ही तुमच्याच काळजीनं म्हणतोय, हप्ता झेपला पाहिजे. 25 लाख, 20 वर्षं, साडेआठ टक्के धरले तर हप्ता महिन्याला साधारण 21,700 बसतो. दोघांच्या 62 हजारात बाईकचा 2,200 चा हप्ता धरून सुद्धा हे निम्म्याच्या बरंच आत आहे. घराच्या किमतीच्या मानानं बघितलं तरी 30 लाखांपर्यंतच्या होमलोनला किमतीच्या 90 टक्क्यांपर्यंत कर्ज देता येतं असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे आणि आम्ही तर पाऊण हिस्सा पण मागत नाही. माझा पगार काढला की कर्ज 17 लाखांवर येतं, हप्ता 14,750. मग वरचे 8 लाख कुठून आणायचे? पर्सनल लोन 14 टक्क्यानं पाच वर्षांसाठी काढलं तर त्याचाच हप्ता 18,600 च्या आसपास. दोन्ही मिळून 33 हजारांच्या वर. म्हणजे झेपणार नाही म्हणून ज्या घराचं कर्ज कमी केलं, त्याच घरावर महिन्याला साडेअकरा हजार जास्त पडले, आणि ते सुद्धा बाळ यायच्या वर्षात. पर्सनल लोन नको तर आईच्या बांगड्या गहाण, नाहीतर गावात दोन टक्क्यानं हातउसने, दोन टक्के म्हणजे महिन्याला, वर्षाचे चोवीस. माझ्या ओळखीत एकीनं असंच केलं आणि बाळ तीन महिन्यांचं असताना तिचा नवरा डबल शिफ्ट करत होता. यात बँकेची जोखीम कमी झाली असं म्हणणाऱ्यानं एकदा कागद-पेन घेऊन बसावं.

बँकेला वाटतं रजा म्हणजे पगार बंद. तसं नाही. 1961 चा मातृत्व लाभ कायदा होता, 2017 साली त्यात दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन बाळांना 26 आठवड्यांची पगारी रजा मिळाली, नोव्हेंबर 2025 पासून हीच तरतूद सामाजिक सुरक्षा संहितेत आहे, या रजेतली जास्तीत जास्त 8 आठवडे डिलिव्हरीच्या आधी घेता येते. डिलिव्हरीच्या तारखेच्या आधीच्या 12 महिन्यांत 80 दिवस काम झालेलं असलं की बास. मी तर याच जागेवर पाच वर्षं आहे. रजेवर असलेल्या बाईला त्या कारणानं कामावरून काढणं या कायद्यात बसत नाही. आणि हा कायदा केंद्राचा आहे, तुम्ही उद्यमबागेत काम करा नाहीतर हद्द ओलांडून शिनोळीत जाऊन करा, नियम तोच. आपल्याकडं कितीतरी घरं अशी आहेत की नवरा शिनोळीला, बायको बेळगावात, पगार एक महाराष्ट्रातला एक कर्नाटकातला. मग नवऱ्याचा पगार पक्का आणि बायकोचा कच्चा हे कुठल्या कायद्यानं ठरवलं?

ईएसआयचं तर अजून वेगळंच आहे आणि हे मला सगळ्यांना सांगायचंय, कारण पगारपत्रक काढताना मी ते डोळ्यांनी बघितलंय. ज्यांचा पगार 21,000 च्या आत आहे त्या बायका ईएसआयमध्ये येतात, आणि त्यांना रजेचे पैसे कंपनी देत नाही, ईएसआय महामंडळ थेट बाईच्या खात्यात भरतं, सरासरी रोजाच्या पूर्ण पगाराइतके, तेही 26 आठवडे. साहजिकच त्या महिन्यांच्या सॅलरी स्लिपवर शून्य दिसतं. बँकेतला माणूस स्लिप बघतो, शून्य दिसलं की म्हणतो बघा पगार बंद झाला. पासबुकात पैसे आलेले असतात, फक्त 'सॅलरी' असं लिहिलेलं नसतं, दुसऱ्याच नावानं एंट्री असते. आमच्या पॅकिंगमधल्या एका बाईचं असंच झालं, तिला वाटलं आपलंच काहीतरी चुकलं, म्हणून तिनं लोनचा विषयच सोडला. पासबुकाच्या त्या पानांची झेरॉक्स आणि ईएसआयचा कागद जोडला तर हा प्रश्नच उरत नाही, पण ते मागायचं बँकेनं, का बँकेनं न मागता शून्य लिहून मोकळं व्हायचं?

माझ्या मनाला सगळ्यात लागलेली गोष्ट सांगते. त्या टेबलावर आम्ही दोघं बसलो होतो, बाळ दोघांचं आहे. खर्च वाढणार तो दोघांचा वाढणार. पण बाप होणाऱ्याला एका शब्दानं कुणी विचारलं नाही की तुमचा खर्च वाढेल, तुम्ही रजा घ्याल, तुम्ही नोकरी बदलाल. खरं म्हणजे मिस्टरांच्याच लाईनीत माणसं दर दोन वर्षांनी कंपनी बदलतात. घरात खाणारी तोंडं वाढणार म्हणून बँकेनं खर्च जास्त धरला, तर माझी काही तक्रार नाही, तो धरावाच, पण तो दोघांच्या मिळून पगारातून धरावा. एकीचा पूर्ण पगार पुसून टाकणं हे काही खर्च धरणं नव्हे.

साहेबांच्या म्हणण्यात काहीच खरं नाही असं मी म्हणणार नाही. बाळंतपणानंतर नोकरी सोडणाऱ्या बायका आहेत, मी स्वतः त्यांचे फायनल सेटलमेंट केलेत. पण त्या का सोडतात हे पण बघा की. 50 किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय करायची असं 2017 च्या दुरुस्तीपासून आहे, आणि आपल्या औद्योगिक वसाहतीतली बरीच वर्कशॉप पंधरा-वीस माणसांची, तिथं ते लागूच होत नाही. घरी सासू नसेल, किंवा तिचीच तब्येत बरी नसेल, तर बाळ ठेवायचं कुठं? आमच्याकडं सासूबाई आहेत, त्यांनी आधीच सांगितलंय की तू कामाला जा, मी बघते. हे विचारलं असतं तर सांगितलं असतं. बँकेनं विचारावं, घरी बाळाला कोण बघणार, कंपनी रुजू करून घेणार असं लेखी देते का, आधी किती वर्षं काम केलंय, पीएफ किती वर्षं सलग भरलाय, अडीअडचणीला चार-सहा हप्त्यांची एफडी ठेवता का. यातलं एकही विचारलं नाही. नुसतं पोट बघून ठरवलं.

आता रिझर्व्ह बँकेचं काय म्हणणं आहे ते. कर्ज देणाऱ्यांसाठी 2003 साली रिझर्व्ह बँकेनं फेअर प्रॅक्टिसेस कोड दिला. त्यात स्त्री-पुरुष, जात, धर्म यावरून कर्ज देण्यात भेदभाव करायचा नाही असं लिहिलंय, आणि 2007 मध्ये तो कोड वाढवून असं सांगितलं की कर्ज लहान असो मोठं असो, अर्ज नाकारला तर मुख्य कारण लेखी कळवायचं. म्हणजे लिहून द्यायची पद्धत नाही हे म्हणणंच चुकीचं. आमच्यासारख्यांना सरळ नकार देत नाहीत, रक्कम कमी करतात, आणि मग म्हणतात आम्ही कुठं नाकारलं. म्हणून माझं सगळ्या बहिणींना सांगणं आहे की तोंडी ऐकून परत येऊ नका, पूर्ण रकमेचा अर्ज लेखी द्या, त्याची पोच घ्या, आणि कमी का केलं ते लेखी मागा. कारण लिहायची वेळ आली की 'गरोदर आहे म्हणून' हे कुणाचं पेन लिहायला धजत नाही, आणि मग फाईल परत उघडते. उत्तर आलं नाही तर आधी बँकेकडं लेखी तक्रार, 30 दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल, 14448 ला फोन लावून माहिती मिळते. कर्ज द्यायचं की नाही हा बँकेचा व्यवसायाचा निर्णय म्हणून लोकपाल त्यात पडत नाहीत, पण कारण कळवलं नाही, कागद दिले नाहीत, ही तक्रार वेगळी आहे आणि ती करता येते. गावोगावच्या सौहार्द पतसंस्थांना मात्र हा लोकपाल लागू नाही, तिथनं कर्ज घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आणि भाषेचं. ऑक्टोबर 2024 पासून किरकोळ कर्जाला की फॅक्ट स्टेटमेंट द्यावं लागतं, त्यात व्याज, सगळे चार्जेस, वर्षाचा एकूण दर हे सगळं एका जागी असतं, आणि ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असलं पाहिजे, समजावून सांगितलं पाहिजे असं रिझर्व्ह बँकेचंच परिपत्रक आहे. विचार करायला कमीत कमी तीन कामाचे दिवस पण द्यायचे असतात. आपल्या भागात खात्याचा उतारा कन्नडमध्ये, लोनचे कागद इंग्रजीत, आणि सही करणारी माझी सासू मराठी चौथी शिकलेली. मला कन्नड बोलता येतं, वाचता येतं, मला त्या भाषेबद्दल काही म्हणायचं नाही, पण ज्या बाईला मराठीच वाचता येतं तिला मराठीत कागद मिळायला पाहिजे आणि तो मागायला लाजायचं कारण नाही. त्यातच बघायचं की कर्जाबरोबर विमा चिकटवलाय का. कर्जासाठी विमा घेतलाच पाहिजे असा रिझर्व्ह बँकेचा नियम नाही, घ्यायचा असेल तर समजून घ्या.

दुसरीकडं सरकार काय म्हणतंय, घर बाईच्या नावावर करा. प्रधानमंत्री आवास योजना शहरी 2.0 मध्ये वर्षाला 9 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या, देशात कुठंही पक्कं घर नसलेल्या कुटुंबाला 25 लाखांपर्यंतच्या कर्जावर, घर 35 लाखांच्या आतलं असेल तर, पहिल्या 8 लाखांवर 4 टक्के व्याज सवलत आहे, एकूण 1.80 लाखांपर्यंत, पाच वार्षिक हप्त्यांत. आणि त्यात घर घरातल्या बाईच्या नावावर किंवा नवराबायकोच्या जॉईंट नावावर पाहिजे. पलीकडं चंदगड-गडहिंग्लजला बाईच्या नावावर घर घेतलं तर महाराष्ट्र सरकार 2021 पासून स्टॅम्प ड्युटीत एक टक्का सवलत देतं, आपल्याकडं कर्नाटकात ती नाही, ती मिळाली पाहिजे हा वेगळा विषय. पण बघा, योजनेला माझं नाव पाहिजे, खरेदीपत्रावर माझं नाव चालतं, हप्ता चुकला तर वसुलीला पण माझं नाव चालतं कारण को-ॲप्लिकंट म्हणून सही घेतलेली असते. फक्त कमाईच्या रकान्यात चालत नाही.

घरातली वडीलधारी माणसं म्हणतात पोटात बाळ असताना घराचं काम काढू नये, वास्तुशांत करू नये, दृष्ट लागते. त्यांच्या मायेला मी नाव ठेवत नाही, वास्तुशांत बाळ झाल्यावर करू की. पण खरेदी आणि लोन थांबवून चालत नाही, भाडं दर वर्षी वाढतंय आणि घराच्या किमती पण. एक माहिती उपयोगी पडेल म्हणून सांगते, दिवस भरत आलेत, प्रवास जमत नाही अशी बाई असेल तर सबरजिस्ट्रारच्या ऑफिसात ताटकळायला पाहिजेच असं नाही. 1908 च्या नोंदणी कायद्यात शरीराच्या अडचणीमुळं येता येत नसेल तर अधिकाऱ्यानं घरी येऊन सही-अंगठा घ्यायची सोय आहे, त्यासाठी अर्ज आणि फी भरावी लागते. पहिलं बाळंतपण माहेरी असतं, माझं माहेर खानापूर तालुक्यात आतल्या बाजूला आहे, तिथनं आठव्या-नवव्या महिन्यात बेळगावला येणं सोपं नाही, पावसाळ्यात तर नाहीच. म्हणून तारखा आधी जुळवा, आणि बँकेचा माणूस घर बघायला येणार तेव्हा आपण माहेरी असू तर ते आधी लेखी कळवा, नाहीतर पत्त्यावर बाई सापडली नाही म्हणून शेरा मारतात.

पेपरात आल्यानं काय होणार असं मिस्टर म्हणतात. मला वाटतं होतं. 2022 च्या जानेवारीत स्टेट बँकेच्या भरतीच्या नियमात तीन महिन्यांपेक्षा जास्त गरोदर असलेली उमेदवार तात्पुरती अनफिट धरायची असं आलं होतं, त्यावर पेपरात, टीव्हीवर बोललं गेलं, दिल्लीच्या महिला आयोगानं नोटीस काढली, आणि त्याच महिन्यात बँकेनं तो नियम मागं घेतला. तिथं निदान नियम कागदावर होता म्हणून सगळ्यांना दिसला. कर्जाच्या टेबलावरचा नियम कागदावर नाही, म्हणून तो काढायचा कुणी हेच कळत नाही.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. रिझर्व्ह बँकेनं त्या कोडमध्ये गरोदरपण आणि बाळंतपणाची रजा हे शब्द स्पष्ट घालावेत, आणि मातृत्व रजेचा पगार, ईएसआयचा असो नाहीतर कंपनीचा, उत्पन्न म्हणून धरायचा असं सांगावं. आपल्या जिल्ह्याच्या लीड बँकेच्या (जिल्ह्यातल्या सगळ्या बँकांचा मेळ घालणाऱ्या बँकेच्या) बैठकीत हा विषय घ्यावा, शाखांना एक साधं पत्र गेलं तरी फरक पडेल. कारखानदारांनी रजेवर जाणाऱ्या बाईला न मागता पत्र द्यावं, त्यात रजा कधीपासून कधीपर्यंत, पगार किती मिळणार, रुजू कधी होणार हे तारखांसकट असावं. आमच्या मालकांनी मला ते दिलंय, आणि इथून पुढं मी पगारपत्रक काढते तोवर प्रत्येकीला रजेच्या अर्जाबरोबरच ते मिळेल हे मी बघणार आहे. शाखेतल्या साहेबांनी प्रश्न बाईला विचारावा, ती समोर बसलेली असते.

आमचा पूर्ण रकमेचा अर्ज मी पोच घेऊन परत दिलाय, लेखी उत्तराची वाट बघतेय. असा अनुभव आलेल्या बायकांनी पण या सदरात लिहावं, नाव छापायचं नसेल तर नुसतं गावाचं नाव घालून लिहावं, आणि संपादकसाहेब, तुम्ही ती पत्रं जरूर छापावीत ही विनंती.

आपली,
एक नोकरदार वाचक
वडगाव, बेळगाव